धक्क्यावर मिटलेली केस

नाटे गावाच्या धक्क्यावर भांडण मिटवायची एक रीत आहे. दोन होड्यांत जाळ्यांवरून हातघाई झाली, की दोन्हीकडची वडीलधारी माणसं बसतात, एक शहाळं फोडतात आणि भांडणाऱ्या दोघांना त्यातलंच पाणी पाजतात. पाणी प्यायलं की भांडण संपलं. पुढे जो कोणी तो विषय काढेल, तोच गावाचा गुन्हेगार! रीत फार चांगली. इतकी चांगली, की ती कोर्टालाही लागू आहे अशी गावाची खात्री आहे.

नसीमाच्या घरातही तीच खात्री होती. मुलाला, उमेरला, मस्कतला जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवर काम मिळत होतं. नवरा युसुफ तिकडेच नोकरीला; त्यानंच शब्द टाकला होता. अडलं होतं ते पासपोर्टाशी. म्हणून बाबू एजंट पडवीत पाय पसरून बसला होता. स्वतः कधी देश न सोडता अर्ध्या तालुक्याला परदेशी धाडलेला माणूस तो.

"कोर्टात फौजदारी केस हाय काय?" मोबाइलवरचा अर्ज वाचत त्यानं विचारलं.

"होती. भावेशबरोबरची," उमेर म्हणाला. "मिटली."

"मग 'नाही' करतो."

बांगडे साफ करणाऱ्या नसीमाचा हात थांबला. जाळं कापल्याच्या रागात उमेरनं भावेशला ठोसा मारला होता आणि त्याचा पुढचा दात पडला होता. तक्रार झाली, पोलिसांनी आरोपपत्र कोर्टात दिलं, आणि मग शहाळं फुटलं. त्यानंतर भावेश ईदला येऊन तिच्या हातची सांदणं खाऊन गेला होता. एक दात कमी असूनही सगळ्यांत जास्त!

"बाबू, कोर्टानं मिटली म्हणून सांगितलंय काय?" तिनं विचारलं.

"चाची, ज्याचा दात पडला तो बोलतोय मिटली. कोर्टाचा काय पडलाय?" बाबू हसला. "आजपर्यंत माजा एक अर्ज परत आला नाय."

नसीमाची नजर समोरच्या घराकडे गेली. झैनच्या पडवीत दोरीनं बांधलेली मोठी बॅग उभी होती. बहिणीच्या लग्नाला म्हणून झैन दुबईहून आला, तो परत गेलाच नाही. बॅग मात्र त्यानं सोडली नव्हती. का, ते गल्लीत कोणी विचारत नव्हतं. त्याचा अर्जही बाबूनंच भरला होता. नसीमा तेही विचारणारच होती. पण मुलाच्या चांगल्या कामात अपशकून नको, म्हणून ती पुन्हा बांगड्यांकडे वळली.

अर्ज नीट तपासून दुसऱ्या दिवशी पाठवायचा ठरला. दुसऱ्या दिवशी आधी आले ते पोलीस.

मोटारसायकल गल्लीत शिरली, तशी एकेक खिडकी लागत गेली. हवालदार उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. आवाजही चढवला नाही त्यांनी, आणि त्याचीच जास्त भीती वाटली.

"उमेर युसुफ इथंच राहतो ना? कोर्टाच्या तारखांना का येत नाही? वॉरंट आहे."

"पण साहेब, ती केस मिटलीय!"

"हे तुला कोर्टानं सांगितलं?"

कालचा नसीमाचाच प्रश्न खाकी कपडे घालून दारात उभा होता! उमेरनं आईकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्याचा चेहरा लहान पोरासारखा दिसला.

वॉरंट जामीनपात्र होतं, म्हणून जामीन देऊन घरीच सुटका झाली. निरोप मिळताच भावेश धावत आला, आणि तिघं राजापुरात वेदिका वकिलांकडे गेली. वेदिकाताई वयानं लहान. पण अशिलाला आधी घाबरवून मग धीर द्यायची त्यांची पद्धत जुन्या वकिलांची होती.

"भांडण तुमचं होतं. ते तुम्ही मिटवलंत, छान केलंत," त्या म्हणाल्या. "पण खटला सरकार विरुद्ध उमेर असा आहे. सरकार तुमचं शहाळं प्यायलेलं नाही."

"दात माजा गेला आनि खटला सरकारचा?" भावेश उसळला.

"हो. तुमची तडजोड न्यायाधीशांसमोर सांगावी लागते. त्यांनी परवानगी दिली तरच केस संपते."

"आणि पासपोर्ट?" उमेरनं हळूच विचारलं.

"कोर्टात फौजदारी खटला चालू असेल तर नाकारतात. वॉरंट असेल तरी नाकारतात. गंभीर, लाजिरवाण्या गुन्ह्यात गेल्या पाच वर्षांत दोन वर्षांची किंवा जास्त शिक्षा झालेली असेल, माणूस बाहेर गेल्यानं देशाच्या सुरक्षेला धोका असेल, तरीही."

"म्हणजे 'नाही' लिहिलं तेच बरं होतं!" उमेर पुटपुटला.

वेदिकाताईंनी पेन खाली ठेवलं. "नीट ऐक. खरं सांगितलंस तर रस्ता आहे. खटला चालू असतानाही कोर्टाकडे परदेशी जायची परवानगी मागता येते. ती मिळाली, तर कोर्ट म्हणेल तेवढ्या मुदतीचा पासपोर्ट मिळतो. पण माहिती लपवून मिळवलेला पासपोर्ट कधीही जप्त होतो आणि वर नवा गुन्हा लागतो. आज नाही, उद्या नाही. तू निर्धास्त झालास, की मग!"

नसीमाच्या डोळ्यांपुढे झैनची दोरीनं बांधलेली बॅग आली.

"बाबूला फोन लाव," ती म्हणाली. "आत्ता!"

"अम्मी, काम हातचं जाईल."

"जाऊ दे! दाराशी मोटारसायकल वाजली की जन्मभर दचकायचंय तुला?"

उमेरनं फोन लावला. "बाबूभाई, अर्ज पाठवू नका. 'हो' आहे. केस आहे माझ्यावर."

पुढच्या तारखेला आरोपीचं नाव पुकारलं, तेव्हा "हजर आहे" असं तो सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला. भावेशनं तडजोड सांगितली, पडलेल्या दाताची जागा न विचारता दाखवली. न्यायाधीश हसले नाहीत. विचारासाठी त्यांनी पुढची तारीख दिली. दरम्यान मस्कतची टगबोट दुसऱ्याला घेऊन निघून गेली.

त्या संध्याकाळी झैन नसीमाच्या पडवीत आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"चाची, केस असताना मी पण 'नाही' लिहिलं होतं," तो म्हणाला. "लग्नाची मेंदी उतरायच्या आत नोटीस आली. पासपोर्ट गेला, नोकरी गेली, आता खोट्या माहितीची केस वेगळी. कोणाला सांगायचं? बॅग तेवढी बांधून ठेवली." त्यानं उमेरकडे पाहिलं. "तुझ्या वकीलबाई माझं ऐकतील काय रे?"

उमेर उठला आणि त्याच्याबरोबर जाऊन बॅगेची दोरी सोडायला लागला.

मंडळी, आपापसातलं भांडण शहाळ्याच्या पाण्यानं जरूर मिटवा. पण कोर्टातली केस कोर्टातच मिटवा, आणि सरकार विचारील तेव्हा खरं तेच लिहा. खरं लिहिलं तर एखादी नोकरी हातची जाईल. खोटं लिहिलं, तर बॅग बांधलेली राहील आणि निघायचा दिवस कधीच येणार नाही!