पाठीमागचे हात

तिसरं बटण... काजाच्या कडेपर्यंत आलं, अंगठ्याच्या नखाला टेकलं आणि पुन्हा निसटलं. करड्या स्वेटरचं, बोराएवढं बटण. बाईंचा डावा हात खाली गेला, चाचपत परत वर आला—उजवा चार वर्षांपूर्वीच्या अर्धांगाच्या झटक्यापासून मांडीवर पडलेला, कुणीतरी विसरून गेल्यासारखा—आणि रोज घरी येणारी ती सेविका समोर उभी राहून पाहत होती, थोडा वेळ तर कौतुकानेच पाहत होती, आणि मग तिला कळलं की आपले दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत अडकवलेले आहेत.

अरे देवा. हे ते घर नव्हे.

हात मागे बांधायचे ते पलीकडच्या गल्लीतल्या आजोबांकडे, जिथे ती सकाळी तासभर होती. व्यायामवाल्या ताईंनी सगळ्या सेविकांना रांगेत उभं करून शिकवलं होतं—हात मागे, आणि जमलं तर जीभही मागे. म्हातारा माणूस मोजा घालायला दहा मिनिटं घेईल, घेऊ द्या, तुम्ही घातलात तर जन्मभर तुमच्याच हातून घालेल. खोटं नव्हतं ते. खुब्याचं ऑपरेशन होऊन आलेले आजोबा पाचव्या आठवड्यात एकटे जिना उतरले तेव्हा मीच रडले की, त्यांच्या सुनेपेक्षा जास्त... दवाखान्यातून घरी आलेल्यांना सहा आठवडे रोज तास द्यायचा, आधी द्यायचा, असं सेविका पाठवणाऱ्या ऑफिसने ठरवलं आणि बरोबरच ठरवलं. फक्त सेविका होत्या तेवढ्याच राहिल्या. तो तास कुठून तरी यायला हवा होता. बाईंचा अर्धा तास पंधरा मिनिटांवर आला, गुरुवारची आंघोळ गेली, केस धुवायचं तर कुणी नावच काढत नाही. हातचं सोडून पळत्याच्या पाठी—इथले पळते वॉकर घेऊन चालत होते, एवढंच.

"बाई, राहू द्या, मी लावते." तिचा आवाज जरा मोठाच आला. "चुकलंच माझं. उभीच राहिले आपली."

"थांब गं." पस्तीस वर्षं शाळेत शिकवून घडलेला आवाज, आता अर्ध्या तोंडातून यायचा, तरी थांबायलाच लावायचा. "दोन लावलीत मी. पाहिलीस ना?"

"पाहिली."

"काल एकच जमलं होतं. तू गेलीस की काढते नि पुन्हा लावते. दिवसभर दुसरा उद्योग काय मला?" मग बाई हळूच म्हणाल्या, "तुमच्या मॅडमना सांग, सुधारतेय म्हणावं. मलाही त्या रोज तास मिळणाऱ्यांच्या यादीत घालतील."

 त्या यादीसाठीचा बाईंचा कागद तिनेच भरला होता, तीन महिन्यांपूर्वी, दारात बूट चढवता चढवता. सुधारणेची शक्यता? नाही. अर्धं मिनिटही लागलं नव्हतं. डॉक्टरही तेच म्हणाले असते—म्हणाले असते ना? आणि आता 'हो' लिहिलं तर? सहा आठवडे तास मिळेल, तो कोपऱ्यावरच्या आंधळ्या काकांचा कापून मिळेल, आणि मग तपासायला येतील, म्हणतील, बटणं लावता येतात की यांना, मग रोज सेविका कशाला... म्हणजे ही पंधरा मिनिटंही जायची. आणि 'नाही'च राहू दिलं तर हे असंच, शेवटपर्यंत. मी कोण ठरवणारी? पण खूण तर माझ्याच हातची होती.

"सांगशील ना?"

"सांगते." किती सहज निघाला शब्द. सहा मिनिटं उरली होती, जेवण गरम करायचं होतं, औषधं द्यायची होती, आणि तिचे हात मागून पुढे यायला तयार नव्हते. आता मदत केली तर बाईंना कागदावरचं उत्तर कळेल, असं तिला वाटलं.

"आणि हे बघ, हे मी कुणाला सांगितलं नाहीये." बाईंनी स्वेटर सोडून दिला होता. त्या मांडीवरच्या उजव्या हाताकडे टक लावून पाहत होत्या, ओठ घट्ट मिटून, कपाळावर शीर उभी राहीपर्यंत. "करंगळी बघ. हलली ना?"

ती वाकली. श्वास रोखून, डोळे बारीक करून पाहत राहिली, आणि पाहता पाहता तिच्या लक्षात आलं की करंगळी हलू नये, हलू नये, असंच आपण केव्हापासून मनात म्हणतो आहोत.