मालनबाईंचं कुंकू आणि माझा काटा

मित्रांनो, घाटकोपरला रक्त तपासण्याच्या एका लॅबमध्ये कपाटाच्या डोक्यावर एक राखाडी पत्र्याचा डबा बसलेला आहे. तो मी, एक जुना कलरिमीटर. माझा जन्म अंधेरीतल्या एका शेडमधला. पोटात दिवा आणि हिरवी काच, वर एक भोक, समोर काटा. भोकात नळी ठेवली की तिच्यातला रंग किती गडद आहे ते मी काट्याने सांगतो. एवढंच मला येतं. पण लोकांना वाटायचं, मला माणसाचं आयुष्य कळतं.

हा समज पसरवला आमच्या डॉक्टर विद्याधरांनी. पित्ताच्या नळीत कर्करोग झाला की पित्त तुंबतं आणि माणूस पिवळा पडतो. अशा रोग्यांची ऑपरेशनं मोठ्या इस्पितळात होत, पण नंतरचं रक्त आमच्याकडे येई. कुणाचं पित्त किती उतरलं आणि तो पुढे किती जगला, हे डॉक्टर एका जाड वहीत लिहून ठेवत. एकोणीस रोग्यांवरून त्यांनी ताडलं होतं, की तीन महिन्यांनी पित्त परत चढलं, तर तो माणूस वर्ष काही काढत नाही.

विसावा आला गुणाजी. विक्रोळीच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये भजी तळणारा, मूळचा मालवणकडचा. आधी त्याने काविळीची माळ घातली, उसाचा रस प्यायला, आणि तरीही हळदीसारखा पिवळा झाला तेव्हा कुठे डॉक्टरकडे गेला. ऑपरेशन झालं शहाऐंशीच्या जुलैत. तीन महिने भरले ते नेमके दसऱ्याला.

लॅबमध्ये त्या दिवशी यंत्रांची पूजा होती. रक्त तपासणाऱ्या सुगंधाताईंनी मला झेंडूची माळ घातली, गुणाजीच्या बायकोला, मालनबाईंना, हळदकुंकू दिलं. मग त्यांनी गुणाजीच्या रक्तात औषध घातलं. त्याने पित्ताचा रंग गुलाबी होतो, आणि गुलाबी जितका गडद तितकं पित्त जास्त. नळी स्टँडवर ठेवून त्या फोन घ्यायला गेल्या.

मालनबाईंनी इकडेतिकडे बघितलं, नळीला हळूच कुंकवाचं बोट लावलं आणि हात जोडले. त्या दिवशी स्टँडपासून दारापर्यंत सगळ्यालाच कुंकू लागलेलं. एका नळीकडे कोण बघणार? सुगंधाताईंनी ती माझ्या भोकात सोडली. मला काय, नळीच्या आतला असो की काचेवरचा, रंग तो रंग. माझा काटा एकवरून थेट सातवर चढला.

डॉक्टर सरळ माणूस. त्यांनी संध्याकाळी गुणाजीला बसवून खरं ते सांगितलं, की आकडा चांगला नाही, घरातली व्यवस्था लावून ठेव, आणि आठवड्याने पुन्हा रक्त दे.

गुणाजी घरी गेला आणि व्यवस्था लावायला लागला. भावाशी सात वर्षांचा अबोला होता, तो सोडला. शेजाऱ्याच्या रेडिओची एरियल आपणच वाकवली होती, हे कबूल केलं. मग मन मोकळं करायचंच तर पूर्ण करावं, म्हणून जेवताना मालनबाईंना म्हणाला, "बावीस वर्षां तुझी कुळथाची पिठी खातंय. माका ती कधीच आवडूक नाय."

नवरा जाणार म्हणून मालनबाईंनी राग गिळला आणि त्याला आणखी भात वाढला.

आठव्या दिवशी दोघं आली. सुगंधाताईंनी गुणाजीच्या डोळ्यांत बघितलं, पांढरेशुभ्र. माझा काटा एकवर. डॉक्टरांनी दोष दिला तो मला. स्क्रू काढले, दिवा हलवला, दोन चापट्याही मारल्या. दुसरी नळी केली, तिसरी केली. मी एकवर ठाम.

तेव्हा मालनबाई पदराचं टोक पिळत म्हणाल्या, "त्या नळयेत ह्येंचा रगात होता. म्हणान मियाच कुंकू लावलंय."

डॉक्टरांनी चष्मा काढला.

"चूक तुमची नाही, मालनबाई," ते म्हणाले. "मी काटा बघितला. ह्यांचे डोळे बघितलेच नाहीत."

"म्हणजे मी मरणार नाय?" गुणाजीने विचारलं.

"आत्ता तरी नाही."

सुगंधाताईंनी डोळे पुसले. गुणाजीने मात्र बायकोकडे चोरून बघितलं. जगायचं म्हणजे आता मालनबाईंबरोबर घरी जायचं होतं. त्या पिशवी उचलून एवढंच म्हणाल्या, "चला. बघतंय मी तुमका."

त्यानंतरही डॉक्टरांनी वही चालू ठेवली, पण दोन नळ्यांचा आकडा जुळल्याशिवाय आणि रोग्याला उजेडात नीट बघितल्याशिवाय तिच्यात काही लिहिलं नाही. आयुष्याचा हिशेब मात्र कुणाला तोंडावर सांगितला नाही. आता एकोणनव्वद साल आहे. गुणाजी अजून भजी तळतो.

माझ्या जागी आता आकडे लखलखवणारं नवं यंत्र आलंय. ते माझ्यापेक्षा हुशार आहे, आणि माझ्यासारखंच आंधळं आहे. म्हणून मित्रांनो, एकच मागणं. आमच्यात नळी ठेवण्याआधी ती स्वच्छ फडक्याने पुसत जा. आणि ज्याचं रक्त तिच्यात आहे तो माणूस बाहेर बाकावर बसलेला असतो. त्याच्याकडे एकदा बघून या.