कांद्याची बोट

वहिनीच्या हातातली पिशवी धाकट्याने जिन्याच्या पायथ्याशीच काढून घेतली. राहू द्या, जड नाही, असं ती म्हणत होती, पण त्याने ऐकलं नाही. परकी माणसं तपासणारं कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होतं, आणि शिलाई मशीन चालवून चालवून वहिनीच्या गुडघ्यांना आता जिने सोसत नव्हते. नोटीस आल्यापासून तो तिची अशीच उठबस करत होता. 'मी आहे ना सोबत,' हे त्याने इतक्यांदा म्हटलं होतं, की त्याचं त्यालाही ते खरं वाटू लागलं होतं.

तिच्याविरुद्धचा फोन त्यानेच केला होता.

टीव्हीवर रोज संध्याकाळी सरहद्दीवरून भांडणं चालत. कुंपण किती उंच हवं, चोरून घुसलेले हुडकायचे कसे, आपल्या माणसांच्या तोंडचा घास कोण पळवतं. धाकटा ताटावर बसून त्या भांडणात सामील होई, अगदी अन्न निवेपर्यंत. थोरला भाऊ जिवंत होता तोवर हा विषय घराचा उंबरा ओलांडून आत आला नाही. थोरला गेला, आणि वहिनीने रस्त्याकडची खोली सोडायला नकार दिला. तिथे तिचं शिलाई मशीन होतं, फोमचे तुकडे होते, कव्हरं उतरवलेले लोकांचे सोफे होते. हात चालताहेत तोवर मशीन हलणार नाही, एवढंच ती म्हणाली. त्या खोलीसाठी धाकट्याने ठरवलेला भाडेकरू मात्र खोळंबायला तयार नव्हता. थोडी भीती दाखवली की जाऊबाई वठणीवर येतील, असं धाकट्याची बायको म्हणाली. मग त्याने टीव्हीवर दाखवतात तो नंबर फिरवला, स्वतःचं नाव सांगितलं नाही, आणि ऐकणाऱ्याला पटावं म्हणून एक बारीकसा तपशील जोडून दिला. फोन ठेवताना त्याला देशाचं काम केल्यासारखं वाटलं. करून सवरून नामानिराळं राहण्यात एक ऊब असते. ती त्याला नोटीस येईपर्यंत पुरली.

बाकासमोरच्या भिंतीवर फलक होता. चोरून येणाऱ्याला परत पाठवलं जाईल. त्याला आणणाऱ्याला तुरुंग. धाकट्याने तो वाचला, खिडकीकडे बघितलं, मग पुन्हा वाचला.

थोरला कामासाठी सरहद्दीपलीकडे गेला होता आणि तिथेच लग्न करून बसला होता. तेवढ्यात ये-जा बंद झाली. धाकटा तेव्हा मालाच्या बोटीवर हमाली करायचा, जेमतेम मिसरूड फुटलेलं. वहिनीला कांद्याच्या पोत्यांआड बसवून नदीच्या अलीकडे त्यानेच उतरवलं होतं. किती दिवस त्याची छाती फुगलेली होती. थोरला लहर लागली की हळूच म्हणायचा, आमची बायको कांद्यांबरोबर आली, तिचं रडणं तेव्हाच उरकलं. तिघं हसायचे. चौथ्या माणसाला, अगदी धाकट्याच्या बायकोलाही, या विनोदातलं काही ठाऊक नव्हतं.

अधिकारी तरुण होता आणि त्याला सर्दी झाली होती. गाव कोणतं, लग्न कधी, कागद का केले नाहीत, असं तो विचारत गेला. हे म्हणायचे बघू उद्या, म्हणून राहिलं, असं वहिनीने सांगितलं. तिच्या एकाही उत्तरात आडपडदा नव्हता. मग नाक पुसत तो म्हणाला,

"कांद्याच्या बोटीतून आलात म्हणे. पोत्यांआड बसून?"

वहिनीने मान वळवून धाकट्याकडे पाहिलं. शिवण नेमकी कुठून उसवली हे शोधताना ती कापडाकडे बघायची, तसं. धाकटा टेबलाचा कोपरा न्याहाळत राहिला.

"हो," ती म्हणाली.

"आणलं कुणी?"

धाकट्याच्या मांडीवरची पिशवी घसरली. ती उचलायला तो वाकला आणि तसाच वाकून राहिला.

"नवऱ्याने. वारले ते."

"आणि हे कोण?"

"दीर. लहान होते तेव्हा. त्यांना काय कळणार?"

अधिकाऱ्याने लिहून घेतलं. मग त्याने सांगितलं, की घरातलं कोणी जामीन राहिलं तर निकाल लागेपर्यंत बाईंना घरीच राहता येईल, आणि निकालाला वर्षं लागतात. नाहीतर आजच छावणीत जावं लागेल. तो धाकट्याकडे वळला.

"राहता जामीन?"

नुसतं हो म्हणायचं होतं. ते जिभेवर आलंही. पण त्याच्यामागोमाग ती खोली आली, खोळंबलेला भाडेकरू आला, बायकोचा चेहरा आला. आणि सगळ्यांच्या मागून आलं ते हे, की वहिनीला आता सगळं कळलं आहे, आणि उद्या सकाळी चहाचा कप ती आपल्याच हातात देणार आहे.

"घरी एकदा विचारतो," तो म्हणाला. "फोन करून आलोच."

पिशवी खुर्चीवर ठेवून तो बाहेर आला आणि जिन्याच्या तोंडाशी फोन कानाला लावून उभा राहिला. नंबर लावला नव्हता. दार अर्धं उघडं होतं. आत अधिकारी शिंकला. मग वहिनीचा आवाज आला. काम का रखडलं हे गिऱ्हाइकाला सांगताना असायचा, तसा शांत.

"त्यांची वाट बघू नका, साहेब. त्यांना घाई आहे."

थोड्या वेळाने तिने विचारलं, छावणीत शिवणाचं मशीन असतं का.

अधिकारी काय म्हणाला ते धाकट्याला ऐकू आलं नाही. पावलं वाजू नयेत अशा बेताने तो तोवर खालच्या मजल्यावर पोचला होता.