बघितलं की सरकणारा नंबर

धाकटीने चुका शोधायच्या डीबगरने चालता प्रोग्राम मधेच थांबवला आणि ‘पुढचा नंबर’ काय दाखवतोय ते पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं. बारा. एक ओळ पुढे जाऊन पुन्हा पाहिलं, तर तेरा. मधल्या ओळीत तर काहीच नव्हतं.

बाहेर पेशंट बसायचे तिथे नंबर बदलल्याची घंटी वाजली. लगेच पुन्हा वाजली.

थोरल्या बहिणीच्या दातांच्या दवाखान्यातला नंबरांचा बोर्ड आठवडाभर मधूनच एखादा नंबर गिळत होता आणि पेशंट एकमेकांवर गुरगुरत होते. प्रोग्राम धाकटीच्या नवऱ्याने हौसेने लिहून दिलेला. तो परगावी, म्हणून निस्तरायला ही आली होती आणि मागच्या खोलीत एक्स-रेच्या यंत्राला खेटून लॅपटॉप मांडून बसली होती.

चौदा. पंधरा. डोळ्यांत तेल घालून पाहावं तितका नंबर पळत होता.

ताई हातमोज्यांसकट आत आली.

“अगं, काय चालवलंयस? दारात चौघं एकदम उभी आहेत!”

“मी कुठे काय केलं? नुसती बघतेय.”

म्हणता म्हणताच ती थबकली. ‘पुढचा नंबर’च्या आतलं लिखाण उघडून वाचलं, कपाळावर हात मारला आणि नवऱ्याला फोन लावला.

“अरे, नंबर नुसता विचारला तरी तो एकाने वाढतो आणि बोर्डावर जातो!”

“मग? बोर्डाशिवाय विचारणार कोण?”

“मला दाखवायला डीबगर विचारतो, दर थांब्याला. आणि तुझी नोंद ठेवणारी ओळही अधूनमधून विचारते. तिथेच नंबर गायब होतात.”



“बोर्ड दिसतो मात्र छान, नाही?”

हसतहसतच तिने नंबर सांगणं वेगळं केलं आणि पुढे सरकवणं वेगळं. आता कितीही पाहिलं तरी तो जागचा हलेना.

बाहेर आली तेव्हा गर्दी पांगली होती. बाकावर एक आजोबा गालात कापूस धरून लढाई जिंकल्यासारखे बसले होते. त्यांच्या शेजारच्या आजी उठून तिच्याजवळ आल्या.

“बोर्डाचं तुम्हीच बघताय ना? नंबर जवळ आला की हे दर वेळी पसार व्हायचे. आज बोर्ड असा धावला, की घाबरायला सवडच मिळाली नाही. दारात सापडले, डॉक्टरांनी यांनाच आधी आत घेतलं.”

“आता नीट झालाय, आजी. पुन्हा नाही धावणार.”

आजींचा चेहरा उतरला. त्यांनी आवाज खाली आणला.

“मंगळवारी यांची दुसरी दाढ आहे हो.”

धाकटीने ताईच्या बंद दाराकडे एकवार पाहिलं.

“किती वाजता?” तिने हळूच विचारलं.