रेक्टरबाईंची कबुली

टोरदिसबाई एक्क्याऐंशी वर्षांच्या. नॉर्वेच्या उत्तर टोकाला, समुद्रकाठच्या त्या गावात, तरुणपणी त्या सामी या तिथल्या मूळनिवासी जमातीच्या मुलांच्या वसतिगृहाच्या रेक्टर होत्या. मुलांनी घरची भाषा तोंडातून काढायची नाही, असा तेव्हाचा नियम. तो त्यांनी मन लावून पाळला.

आता वसतिगृह रिकामं होतं. ते सामी लोकांना भाषाशाळेसाठी द्यावं, असा ठराव गावसभेत आला. शनिवारी दुपारी सभागृह भरलं. बिरेत आधी बोलली. ती त्या वसतिगृहात राहिलेली, आता साठी उलटलेली.

"मी सात वर्षांची होते," ती म्हणाली. "आई दर महिन्याला पत्र पाठवायची. चार वर्षांत मला एकही मिळालं नाही. मला वाटायचं, आई विसरली."

एरवी सामींची टिंगल करणारा मच्छीमार अर्विद मान खाली घालून उठला. "बापजाद्यांनी केलंय, तर आपण सगळ्यांनी मिळूनच निस्तरायला हवं. द्या ती इमारत."

बऱ्याच माना डोलल्या. मतदान आता होणारच होतं. पण टोरदिसबाईंना बसवेना. त्या खुर्चीला धरून उभ्या राहिल्या.

"बापजाद्यांनी नाही. पत्रं मी जाळली. स्वयंपाकघरातल्या शेगडीत."

अर्विद त्यांच्याकडे बघतच राहिला. "म्हणजे हे तुमचं काम?"

"आणि आम्ही इथं बसून स्वतःला दोष देतोय," मागून एक बाई म्हणाली.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडल्यासारखं झालं. करणारी सापडली होती. मग माफी तिनंच मागावी, गावानं इमारत का द्यायची, ती पर्यटकांना भाड्यानं दिलेली काय वाईट, अशी बोलणी सुरू झाली. ठरावाच्या बाजूनं तेरा हात वर आले. विरोधात एकतीस. त्यांत अर्विदचाही होता.

बाहेर बिरेत गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होती. टोरदिसबाई जवळ गेल्या.

"बिरेत, मला राहवलं नाही गं."

"पंचावन्न वर्षं राहवलं ना, बाई? अजून दहा मिनिटं राहवलं असतं तर काय बिघडलं असतं?" तिनं हात थांबवला. "काय लिहिलं होतं त्या पत्रांत?"

"मला तुमची भाषा येत नव्हती."

बिरेत गाडीत बसून निघून गेली.

फेरमतदानासाठी टोरदिसबाई सोमवारपासून सह्यांचा कागद घेऊन दारोदार फिरल्या. लोकांनी कॉफी पाजली. "एवढं मनाला लावून घेऊ नका, कबूल केलंत ना, झालं," असं समजावलं. सही मात्र चौघांनीच केली.

जूनमध्ये वसतिगृहात पर्यटक उतरले. बिरेतनं आपल्या गॅरेजमध्येच भाषेचा वर्ग सुरू केला. टोरदिसबाई तिथं आपलं नाव घालायला गेल्या.

"मुलांनाच जागा पुरत नाही, बाई," बिरेत दारातूनच म्हणाली, आणि वर्ग घ्यायला आत गेली.