चंपतची आंघोळ

अडतीस साली वाशिमच्या आमच्या मुलींच्या शाळेत आरोग्याच्या तासाला बालसंगोपन शिकवायला लागले. मनकर्णाबाई लाकडी बाहुलीला आंघोळ घालून दाखवायच्या. शेवटी त्याच कंटाळल्या. मला म्हणाल्या, “प्रयाग, उद्या तुझा धाकटा भाऊ आण. खरं बाळ हवं.” माझा रुबाब काय विचारता!

आई भल्या पहाटे मळ्यात भाजी तोडायला जायची. जाताना चंपतला अफूची बारकी गोळी चाटवायची, म्हणजे तो गुमान पडून राही. तेव्हा घरोघर हेच चाले. त्या दिवशीही ती चाटवून गेली. मग आजीनं त्याला काजळ घालून, टोपडं बांधून माझ्या कडेवर दिलं.

बाईंनी त्याला कोमट पाण्यात धरलं. डोक्यावरून तांब्या ओतला, तरी पोरगं हूं नाही की चूं नाही.

“किती गुनी लेकरू हाय वं!” मुली म्हणाल्या. मीही वेडी, फुगले.

बाईंचा हात एकदम थांबला. त्यांनी चंपतची पापणी उचलली. अफू जास्त झाली की डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. मी वाकून पाहिलं. तेवढीच होती.

“काय दिलंय याला?”

“आईनं रोजचीच गोळी देल्ली, बाई.”

“रोजच्या गोळीनं असं होत नाही!”

एक मुलगी दवाखान्याकडे पळाली, एक आमच्या घरी. बाई त्याच्या तळपायांवर टिचक्या मारत होत्या, मी ओल्या फडक्यानं तोंड पुसत हाका मारत होते. श्वास यायचा, मग यायचाच नाही. ओठ निळे पडत चालले. मेला हा, असं मला अगदी वाटलं.

आजी अनवाणी धावत आली आणि दारातच बसली. “मी बी एक चाटवली वं माय! बाईसमोर रडला असता त काय इज्जत राह्यली असती आपली?”

डॉक्टरांनी नळीनं पोट धुतलं, सुई टोचली. कितीतरी वेळानं चंपतनं बेसूर भोकाड पसरलं, आणि आख्खा वर्ग रडायला लागला.

निरोप मिळून आई मळ्यातून आली तेव्हा तिच्या पदराला मेथीची पानं चिकटलेली होती. तिनं चंपतला छातीशी घट्ट धरलं.

“कस्तुराबाई, अफू पुन्हा द्यायची नाही,” बाई म्हणाल्या.

“नाई देनार, बाई. याची आन.” मग खालच्या आवाजात म्हणाली, “पन उद्या मी मळ्यात गेल्यावर याले पाह्यीन कोन?”

आजीच्या हाती आता त्याला सोपवणार तरी कसं? आईनं सावकाश माझ्याकडे पाहिलं आणि चंपतला माझ्या कडेवर दिलं. तो जोरजोरात रडत होता. उद्यापासून माझी शाळा सुटली, हे मला कळलं.