तळहाताएवढं चामडं

मी माण तालुक्यातल्या एका वाडीचा हापसा बोलतोय. हो, तोच, ज्याचा दांडा दाबताना तुम्ही दातओठ खाता.

माझा जन्म सांगलीचा, लोखंड ओतायच्या कारखान्यातला. पण माझ्या पायाखालचं भोक पाडलं ते परदेशी यंत्रानं. बहात्तरच्या दुष्काळात विहिरी आटल्या. बाया ओढ्यात खड्डे उकरून वाटीवाटीनं पाणी भरू लागल्या. मेंढरंही तिथंच तोंड घालायची. मग सातासमुद्रापलीकडून आगबोटीनं एक भलंमोठं यंत्र आलं. त्यानं काळा खडक भेदला, पाणी लागलं आणि तिथं मला उभं केलं.

बायांनी मला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. फक्त साळूबाई लांब उभी राहिली. मला बसवताना माझ्या पोटातली चामड्याची चकती, म्हणजे वायसर, तिनं पाहिली होती. उपासतापास, सोवळं सांभाळणारी बाई ती. म्हणाली, "चामड्याचं पानी माझ्या उंबऱ्याच्या आत यायचं न्हाई."

तिची सून अंजना घागर घेऊन माझ्यापाशी घुटमळायची आणि ओढ्याकडं वळायची. तिची दोन लेकरं वर्षाची व्हायच्या आत हगवणीनं गेली होती. आता मांडीवर तिसरा होता, धुळा. नर्सबाई बजावून गेल्या होत्या, "याला हापशाचंच पाणी पाजा." पण सासूपुढं बोलणार कोण?

बोलली शेजारची मनुबाई. "आवं आत्याबाई, हिरीवरची मोट काय सोन्याची हुती? म्हशीच्या कातड्याचीच की! त्या पान्यानं तुमचा देव बाटला न्हाई, आन् एवढ्याशा चकतीनं बाटंल व्हय?"

साळूबाईनं तिच्याकडं डोळे वटारून पाहिलं. मग म्हणाली, "तुझ्या जिभंला हाड न्हाई, मने." आणि सुनेच्या हातात घागर दिली.

त्या दिवसापासून मी त्या घरचा झालो. धुळा रांगला, चालू लागला. उन्हाळा आला की वाडीतले पाळणे रिकामे व्हायचे, ते थांबलं. मला वाटायचं, माझ्यासारखा पुण्यवान मीच.

पण माणसाचे गुडघे झिजतात, तसा माझा वायसर झिजला. दांडा हलायचा, पाणी काही येईना. सरपंचांनी अर्जावर अर्ज पाठवले. वरून कोणी फिरकेना. माणसांची रीत बघा, यंत्र आलं तेव्हा फोटोला सगळे होते. ते चालू ठेवायला कोणी नव्हतं! बाया पुन्हा ओढ्यावर गेल्या आणि धुळ्याचं पोट बिघडलं. डोळे खोल गेले, मान टाकली त्यानं. सासूसुनेनं त्याला उचलून दहिवडीचा दवाखाना गाठला.

पुढचं मला बायांच्या तोंडून कळलं. लेकराला सलाइन लागलं, तशी साळूबाई उठून थेट तिथल्या पंचायत समितीच्या कचेरीत गेली.

साहेब म्हणाले, "आजी, वायसर जिल्ह्यावरून यायचाय. पुढच्या महिन्यात बघू."

"यंत्र सातासमुद्रापल्याडनं आलं, सायब. आन् तळहाताएवढं चामडं साताऱ्यास्नं येत न्हाई?" ती दारातच बसली. "आज माझी संकष्टी हाय. चंद्र उगवंपतुर मला काय लागत न्हाई. तुमी खुशाल जेवून या."

साहेबांना घास गेला असेल का, देव जाणे! टेलिफोन खणखणले, कुठलंसं कपाट उघडलं आणि वायसर तिथंच सापडला. तो घेऊन आकाराम मिस्त्री त्याच दिवशी सायकलवरून आला.

धुळा बरा होऊन घरी आला, तेव्हा मनुबाईनं गाठलंच. "आत्याबाई, चामड्यासाठी उपास धरलासा म्हनं!"

साळूबाई हसली. "देवाला लेकरू दिसतं, मने. चामडं न्हाई."

आता एकोणऐंशी साल चाललंय. धुळा शाळेत जातो. त्याच्या पाठची बहीण माझ्या धारेखाली हात धरून खिदळते. मी पुन्हा कुरकुरायला लागलोय, पण मला काळजी नाही. साळूबाईच्या गुडघ्यांना आता एसटीची पायरी चढवत नाही, म्हणून आज सकाळी वायसरसाठी अंजना कचेरीला गेलीय, पदर खोचून. चार जणी बरोबर आहेत.

तुमच्याही गावात एखादा हापसा कुरकुरत असेल. त्याला शिव्या देऊ नका, बायांनो. एसटी धरा.